एका मोठ्या संख्येची परीक्षा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव प्रसंगी केलेले भाषण)



गौरवाच्या प्रसंगी उपदेश करण्याची वहिवाट आहे. आम्ही मात्र आज एका संख्येची हकीकत सांगणार आहोत. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करीत गेल्यास ३३ व्या घरात जितके दाणे पडतील, त्यांत आणखी एक मिळवावा. ती संख्या ४,२९,४९,६७,२९७ होय.

३ पासून आरंभ करावा. संख्येतून एक वजा करून वर्ग करावा व त्यात एक मिळवावा. याप्रमाणे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ संख्या आहेत; म्हणजे एक व स्वतः यांवाचून त्यांस दुसरा विभाजक नाही. सहावी आपली वरील संख्या. फ्रान्समधील थोर गणिती फर्मा याने १६४० साली या मालिकेतील सर्वच संख्या मूळ असाव्यात, असे मत मांडले. पक्की सिद्धता आपणांपाशी नाही, हेही त्याने त्या वेळी सांगितले होते.

पुढे १७३२ साली ऑयलर याने दाखविले की, ६४१ ला ६७,००,४१७ ने गुणिले असता नेमकी हीच संख्या येते! या संख्येच्या प्रत्येक विभाजकास ६४ ने भागल्यास बाकी एकच उरते, असा नियम आहे. त्या नियमात बसणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नास यश! हा भागाकार शाळेतील मुलासही साधेल. तरी मध्ये ९२ वर्षे गेली. पहिल्या पाचांनंतर या मालिकेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही.

आता आमची हकीकत. आम्ही शिक्षक असताना एका विद्यार्थ्याने पुस्तकामागील उत्तर चुकीचे असल्याचे सांगितले. आम्ही त्यास उद्धट ठरवून बाकावर उभे केले. रात्री घरी उदाहरण सोडविले, तेव्हा मुलाचेच म्हणणे खरे ठरले. दुसऱ्या दिवशी वर्गात ते कबूल करण्याचे धैर्य मात्र आम्हांस झाले नाही. त्या मुलाने पुढे गणित सोडले. फर्माची चूक दाखविल्याने त्याची थोरवी उणी झाली नाही. आमची तर थोरवी ती कितीशी?

मंडळाने गुणांसाठी पारितोषिके द्यावीतच. त्यांखेरीज वडीलधाऱ्यांची अथवा ग्रंथाची चूक सप्रमाण दाखविणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एक पारितोषिक ठेवावे, अशी आमची विनंती आहे. त्याची पहिल्या वर्षाची रक्कम आम्ही आजच चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहोत.