दारात अडकलेलं नाणं : 'स्क्रब्ज', आमची ताई आणि रात्री दोनचा अलर्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज केला की जरा हलकंफुलकं काहीतरी करा. म्हटलं चला, कॉमेडीवर बोलू. आता हा भाग शेवटपर्यंत हलकाच राहील याची गॅरंटी मात्र देत नाही.

तर आजचा विषय 'स्क्रब्ज'. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. अमेरिकन सिरीज आहे, २ ऑक्टोबर २००१ ला सुरू झाली, २०१० पर्यंत चालली. तोपर्यंत ९ सीझन, १८२ भाग झाले. बिल लॉरेन्स नावाच्या माणसाने बनवली. त्याचा कॉलेजमधला एक मित्र डॉक्टर झाला, जोनाथन डोरिस. त्याच्या इंटर्नशिपच्या गोष्टी ऐकून ही सिरीज सुचली, आणि हिरोचं नावसुद्धा जेडी. शूटिंग एका बंद पडलेल्या खऱ्या हॉस्पिटलमध्ये व्हायचं. त्यामुळे ते कॉरिडॉर सेटसारखे चकचकीत वाटत नाहीत, आपल्याकडच्या सिव्हिलसारखे थोडे दमलेले वाटतात. आणि मागे ते खोटं हसणं नाही. कधी हसायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

गोष्ट काय, तर जेडी, त्याचा जिगरी दोस्त टर्क आणि एलियट, असे तीन नवे डॉक्टर सेक्रेड हार्ट नावाच्या हॉस्पिटलमध्ये पहिल्या दिवशी येतात. एक लक्षात ठेवा, तिथला 'इंटर्न' म्हणजे आपला एमबीबीएसनंतरचा इंटर्न नव्हे. आपल्या हिशोबाने तो जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. डिग्री हातात आहे, पेशंट समोर आहे, आणि हात थरथरतायत. पहिल्याच भागात इमर्जन्सीची घोषणा होते तेव्हा आपण सगळ्यात आधी पोचायला नको म्हणून जेडी एका छोट्या खोलीत लपतो. आत बघतो तर एलियट आधीच लपून बसलेली! मला तो सीन अजून आवडतो. कारण ह्याच दोघांमध्ये राउंडला उत्तर कोण आधी देतो यावरून चढाओढ असते. पुढे चौथ्या सीझनला दोघांनाही मिळून चीफ रेसिडेंट करतात, आणि तेव्हा तर विचारूच नका.

सिरीजमध्ये चढाओढ सगळीकडे आहे. मेडिसिनवाले विरुद्ध सर्जरीवाले. डॉक्टर कॉक्स विरुद्ध मोठे साहेब डॉक्टर केल्सो. कॉक्स हा जेडीचा सीनियर, आणि तो जेडीला आयुष्यभर मुलींच्या नावाने हाका मारतो. एकदाही सरळ कौतुक नाही. (२००१ चा विनोद आहे, आज काही ठिकाणी कानाला खटकतो, मान्य.) जेडीचं मात्र एकच स्वप्न, ह्या माणसाने एकदा पाठ थोपटावी.

पण सगळ्यात भारी वैर कुठलं, तर जेडी आणि जॅनिटर. जॅनिटर म्हणजे साफसफाई आणि दुरुस्ती बघणारा माणूस. पहिल्याच दिवशी एक सरकतं दार अडकलेलं असतं. जॅनिटर ते दुरुस्त करत असतो. जेडी जाता जाता सहज म्हणतो, एखादं नाणं अडकलं असेल. झालं! जॅनिटरला संशय, ह्याला कसं माहीत? आत खरंच एक सेंटचं नाणं सापडतं. त्यानंतर आठ सीझन तो माणूस जेडीचं जगणं अवघड करून ठेवतो. नील फ्लिन नावाच्या नटाने ते काम केलंय, आणि बरेचसे डायलॉग तो जागच्या जागी रचायचा. गंमत म्हणजे पहिल्या सीझनमध्ये जॅनिटर जवळजवळ फक्त जेडीशीच बोलतो. कारण सिरीज लवकर बंद पडली असती तर शेवटी असं दाखवायचं ठरलं होतं, की हा माणूस खरा नाहीच, जेडीच्या डोक्यातला आहे. सिरीज चालली, आणि जॅनिटर खरा झाला. त्या नाण्याकडे मी परत येतो. विसरू नका.

आता ताईकडे येतो. ताई म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी बीटेक करून कोड लिहायला लागलो, ती एमबीबीएस आणि मग मेडिसिनमध्ये एमडी. एका सरकारी हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट होती. कुठलं ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. लॉकडाऊन संपल्यावर एका दिवाळीत मी तिला 'स्क्रब्ज' दाखवायला बसवलं. म्हटलं ताई, तुझ्यावरच काढलीय. ती फराळाचं ताट घेऊन बसली, हसली, आणि तिसऱ्या भागापर्यंत झोपली. म्हणजे बसल्या बसल्या झोपली, हातात अर्धी चकली. रेसिडेंट डॉक्टर घरी आला की आधी झोपतो, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना कळेल. अमेरिकेत २००३ च्या जुलैपासून रेसिडेंटसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. ८० तास ही मर्यादा! मी हे ताईला सांगितलं तर म्हणाली, "मग उरलेले दिवस ते काय करतात?"

दुसऱ्या दिवशी तिने एक किस्सा सांगितला. तिच्या युनिटमध्ये नवीन जेआर वनला एक प्रँक ठरलेला असायचा. पहिल्या एक-दोन नाइट ड्युटीत पहाटे फोन करायचा, लॅबमधून बोलतोय असं सांगायचं, आणि अमुक बेडच्या पेशंटचं पोटॅशियम ८ आलंय असं सांगून फोन ठेवायचा. आता आपल्यासारख्यांना वाटेल, पोटॅशियम ८, बरं मग? तर नॉर्मल साधारण साडेतीन ते पाच असतं. साडेसहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडायला लागतात, आणि ८ म्हणजे हृदय कधीही थांबू शकतं. लगेच ईसीजी काढायचा, शिरेतून कॅल्शियम द्यायचं, मग इन्शुलिन आणि ग्लुकोज. थोडक्यात, धावायचं.

ताई धावली. लिफ्ट बंद, चार मजले जिन्याने. वॉर्डात पोचली तर पेशंट आजोबा मजेत बसून बिस्किट खातायत, आणि सिस्टरच्या टेबलामागे तीन सीनियर पोट धरून हसतायत. ताईपण हसली. काय करणार? मग सगळ्यांनी मिळून कँटीनमध्ये चहा प्यायला. ती म्हणाली, खरं सांगू का, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी ह्या लोकांतली झाले.

म्हणजे बघा, प्रँकचं काम तिथे झालं होतं. रॅगिंगवर महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, पण त्या फोनला कोणी रॅगिंग म्हटलं नसतं. ताईनेही नाही.

मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पहाटे फोन. लॅबमधून बोलतोय, पोटॅशियम ७.४. ताई म्हणाली, "हो का? बरं बरं, चहा तयार ठेवा," आणि फोन ठेवला. फोन खरा होता. लॅबचा टेक्निशियन भला माणूस. पाचएक मिनिटांनी त्याने परत फोन केला आणि वैतागून म्हणाला, "मॅडम, लिहून घेताय ना?" तेव्हा ताई पळाली. ईसीजीत बदल दिसत होते. पेशंट वाचला. एक चाळिशीतल्या बाई होत्या, किडनीचा आजार होता. ताई म्हणाली, पाच मिनिटांनी काही झालं नाही, पण ती पाच मिनिटं माझी आहेत, मी कुठेही गेले तरी.

तिने कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. सांगितलं असतं तर प्रँक करणारे सीनियर अडकले असते, आणि ते वाईट नव्हते. त्यातल्याच एकाने तिला सेंट्रल लाइन टाकायला शिकवलं होतं.

हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला होता. कारण मी पण असाच एक फोन केलाय.

आमच्याकडे, म्हणजे मी ज्या कंपनीत होतो तिथे, ऑन-कॉल असायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आठवडाभर एका इंजिनिअरकडे जबाबदारी. रात्री सिस्टीम पडली की त्याच्या फोनवर अलर्ट वाजतो. त्याने ठराविक मिनिटांत 'बघतोय' असं बटण दाबायचं आणि लॅपटॉप उघडायचा. आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा आला, कॉलेजमधून थेट. हुशार, जरा घाबरट, मला दादा म्हणायचा. आणि खरं सांगायचं तर थोडी असूया पण होती. मला जे समजायला वर्ष लागलं ते त्याने दोन महिन्यांत उचललं होतं, आणि स्टँडअपमध्ये मॅनेजर त्याचंच नाव घ्यायचे. त्याच्या पहिल्या ऑन-कॉलच्या रात्री दोन वाजता मी टूलमधून हाताने एक खोटा अलर्ट सोडला. 'पेमेंट सर्व्हिस डाऊन, सर्व रीजन.' बिचारा दीड तास लॉग शोधत बसला. शेवटी मी ग्रुपवर एक मीम टाकलं. सकाळी सगळे हसले. तोपण हसला.

तीन-चार आठवड्यांनी खरंच पेमेंट अडकली. मध्यरात्रीनंतरच. अलर्ट गेला, आणि त्याने मला मेसेज केला, "दादा, हा खरा आहे का?" मी झोपलो होतो. तो माझ्या उत्तराची वाट बघत बसला. २२ मिनिटं. लोकांचे पैसे कापले जात होते आणि ऑर्डर होत नव्हत्या. कोणाचा जीव गेला नाही, पैसे परत गेले. पण २२ मिनिटं ही आमच्या धंद्यात खूप असतात.

असं काही झालं की आरसीए लिहायचा असतो. म्हणजे काय बिघडलं, का बिघडलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, असा कागद. तो त्यानेच लिहिला. 'उशीर का झाला' या रकान्यात त्याने लिहिलं, ऑन-कॉल इंजिनिअरचा अनुभव कमी पडला. रिव्ह्यूअर मी होतो. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. आणि 'अप्रूव्ह' दाबलं. त्या सहामाहीत त्याचं रेटिंग खाली आलं. माझं नाही आलं.

आता नाण्याकडे. आठव्या सीझनच्या शेवटी जेडी हॉस्पिटल सोडून चाललेला असतो. जॅनिटर त्याला शेवटचं विचारतो, ते नाणं तूच टाकलं होतंस का? आणि जेडी कबूल करतो. हो, माझ्याच हातून पडलं, चुकून. जॅनिटर म्हणतो, माहितीये, मी बघितलं होतं. म्हणजे आठ वर्षांचं वैर नाण्यामुळे नव्हतंच, खोटं बोलल्यामुळे होतं. पहिल्या दिवशी खरं बोलला असता तर दोस्ती झाली असती. मी कॉलेजमध्ये हा भाग पाहिला तेव्हा फक्त हसलो होतो.

त्याच भागात आणखी एक प्रँक आहे आणि तो मला पूर्ण सिरीजमधला सगळ्यात चांगला वाटतो. सनी नावाची इंटर्न कॉक्ससमोर मुद्दाम म्हणते की जेडी काही एवढा खास नव्हता. कॉक्स भडकतो आणि जेडीबद्दल जे आठ वर्षं बोलला नाही ते सगळं बोलून टाकतो, की तो उत्तम डॉक्टर आहे, माणूस म्हणून त्याहून मोठा आहे. आणि जेडी त्याच्या मागेच उभा! हा प्रँक करायला काय लागलं असेल बघा. सनीला माहीत होतं की कॉक्सच्या आत काय आहे. मला त्या मुलाच्या आत काय चाललंय हे माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

कॉक्सवरून आठवलं. पाचव्या सीझनमध्ये, २००६ चे, दोन भाग आहेत लागोपाठ. एका मृत बाईचे अवयव तीन पेशंटना बसवतात आणि नंतर कळतं की तिला रेबीज होता. तिघेही जातात. २००४ मध्ये टेक्सासमध्ये असं खरंच घडलं होतं. कॉक्स मोडतो, दारू पिऊन कामावर येतो, मग घरी सोफ्यावर नुसता बसून राहतो. एकेक जण त्याच्यापाशी येऊन बसतो. ज्यांचे टोमणे खाल्ले तेच लोक. जेडी सगळ्यात शेवटी येतो, कारण त्याला राग आलेला असतो. ताईला मी फक्त हे दोन भाग पुन्हा दाखवले. यावेळी ती झोपली नाही. भाग संपल्यावर म्हणाली, आमच्याकडे सोफा कोणाकडे असतो रे, आणि चहा टाकायला गेली.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी त्या मुलाला मेसेज केला. तो आता बंगळूरला आहे, दुसऱ्या कंपनीत, माझ्यापेक्षा वरच्या पोस्टवर. लिहिलं की त्या आरसीएमध्ये माझा खोटा अलर्ट यायला हवा होता, तो मी येऊ दिला नाही, आणि हे मी पॉडकास्टवर बोललो तर चालेल का? दिवसभर दोन निळ्या टिका, उत्तर नाही. रात्री साडेअकराला आलं. त्याला विचारूनच वाचतोय.

"बोल दादा, चालेल. पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं मी. मग रिव्ह्यूअरमध्ये तुझं नाव बघितलं आणि काढून टाकलं."

त्यावर काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही. 'सॉरी' टाइप करून तीनदा खोडलंय. या रविवारी फोन करणार आहे, त्याने वेळ दिलीये, संध्याकाळी सहा.

चला, आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात मित्राचा स्टार्टअप कसा बुडला ते त्याच्याच तोंडून ऐकू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि घरी कोणी रेसिडेंट असेल तर त्याला झोपू द्या. भेटूया!