दमा, इसब, वावडे आणि नवी जैविक औषधे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी शिकलो, तिच्याच व्यासपीठावरून आज आपल्याशी बोलावयाचे आहे, याचा मला आनंद वाटतो. मात्र प्रथम एक कबुली देतो. या शाळेच्या हजेरीपटात माझ्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पुष्कळ होत्या. मला दमा होता. पावसाळा लागला की माझ्या रात्री भिंतीला उशी लावून बसून जात. अम्मा मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकत असे. शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून वडिलांनी एका गृहस्थाकडून महिन्याला पुड्या आणावयास सुरुवात केली. पुडी घेतली की धाप तासाभरात जाई. घरात सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला.

वर्षभरात माझा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, उंची थांबली, आणि ताप-खोकला पाठ सोडीना. एकदा पुड्या संपल्या आणि आठ दिवस त्या मिळाल्या नाहीत, तेव्हा मी अंथरुणातून उठेना. इस्पितळात कळले की त्या पुड्यांत स्टेरॉईड होते. ते अचानक बंद झाल्यामुळे शरीर कोसळले होते. त्या वर्षी माझी परीक्षा बुडाली. माझे वडील अडाणी नव्हते आणि बेपर्वा तर नव्हतेच. त्यांना खरी माहिती सांगणारा कोणी भेटला नव्हता, एवढेच. म्हणून आजचा विषय मी निवडला आहे.

भारतात दम्याचे रुग्ण तीन कोटींहून अधिक असावेत, असा अंदाज आहे. दमा, इसब, सारख्या शिंका येणे, अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, एखादा पदार्थ न सोसणे, हे विकार एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसात आढळतात. आपल्या मराठीत यासाठी ‘वावडे’ हा किती नेमका शब्द आहे! कोणाला कोळंबी वावडी, कोणाला धूळ वावडी. ही गोष्ट नवी नाही. हजार वर्षांपूर्वीचे थोर हकीम अल-राझी यांनी, अबू झैद अल-बल्खी या विद्वानास वसंतात गुलाबाच्या वासाने सर्दी का होते, यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले होते. त्यांनी पाहिले ते बरोबर होते. कारण मात्र विसाव्या शतकात सापडले.

ते कारण असे. आपल्या रक्तात रोगजंतूंशी व जंतांशी लढणारे पहारेकरी असतात. काहींच्या शरीरात हे पहारेकरी धूळ, परागकण, बुरशी किंवा अंडे यांनाच शत्रू समजतात. त्या चुकीच्या ओळखीचे काम ‘आयजीई’ नावाचे प्रथिन करते. अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी १९६६-६७ च्या सुमारास ते शोधून काढले. आयजीई ‘मास्ट’ नावाच्या पेशींना चिकटून बसते. वावडी वस्तू आली की या पेशी फुटून हिस्टॅमिन व इतर द्रव्ये बाहेर पडतात. मग शिंका, खाज, गांधी आणि धाप सुरू होते. त्यापुढे ‘इंटरल्यूकिन’ नावाचे निरोपे सुटतात. इंटरल्यूकिन-५ हा निरोप्या इओसिनोफिल पेशींची फौज उभी करतो. रक्ताच्या अहवालात ‘इओसिनोफिल वाढले’ असे आपण वाचता, त्या याच पेशी. इंटरल्यूकिन-४ आणि १३ हे निरोपे श्वासनलिकेत चिकट कफ आणि सूज, तर कातडीत खाज व कोरडेपणा वाढवितात.

स्टेरॉईडच्या गोळ्या ही सारी फौज एकदम झोपवितात. म्हणून त्या जीव वाचवितात. पण आवश्यक पहारेकरीही त्यांच्याबरोबर झोपतात. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो, मुलांची वाढ खुंटते. तेव्हा प्रश्न असा होता की सर्व फौजेला हात न लावता एकाच निरोप्याला अडविता येईल काय?

याचे उत्तर देणारा मार्ग १९७५ साली केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाईन या शास्त्रज्ञांनी दाखविला. एकाच साच्यातून निघालेली, एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची ही रीत होती. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रतिपिंडांना ‘मोनोक्लोनल अँटिबॉडी’ म्हणतात आणि म्हणूनच या औषधांच्या नावांच्या शेवटी ‘मॅब’ येते. ती रसायनांच्या भट्टीत बनत नाहीत. प्रयोगशाळेत वाढविलेल्या जिवंत पेशींकडून ती करवून घेतात. यास्तव त्यांना जैविक औषधे म्हणतात. ती प्रथिने असल्यामुळे पोटात गेली तर अन्नासारखी पचून जातील. म्हणून ती गोळीच्या रूपात न देता बहुधा कातडीखाली टोचतात.

पहिले औषध ओमालिझुमॅब. ते आयजीईला पकडून ठेवते. अमेरिकेत दम्यासाठी त्यास २००३ साली मान्यता मिळाली, आणि पुढे जुनाट गांधींसाठीही. रुग्णाचे वजन आणि रक्तातील आयजीई पाहून मात्रा ठरते. ते दोन किंवा चार आठवड्यांनी टोचावे लागते. दुसऱ्या गटात मेपोलिझुमॅब (२०१५) व बेनरालिझुमॅब (२०१७) येतात. ती इओसिनोफिलच्या फौजेला आवर घालतात. तिसरे डुपिलुमॅब. ते इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोघांचे दार एकाच वेळी बंद करते. त्यास २०१७ साली इसबासाठी आणि २०१८ साली दम्यासाठी मान्यता मिळाली. २०२१ साली आलेले टेझेपेलुमॅब याहून वरच्या पायरीवर, म्हणजे पहिली हाक जिथून उठते तिथेच अडवणूक करते. २०२४ साली अमेरिकेत ओमालिझुमॅबला अन्नाच्या वावड्यासाठीही मान्यता मिळाली. पण याचा अर्थ शेंगदाणा वावडा असलेल्या मुलाने शेंगदाणे खावेत असा नव्हे. चुकून कण पोटात गेला तर धोका कमी व्हावा, इतकाच त्याचा हेतू आहे.

आता माझ्या दवाखान्यातील तीन रुग्णांविषयी सांगतो. एका मुलीला वर्षात अनेकदा स्टेरॉईडच्या गोळ्या घ्याव्या लागत. जैविक औषध सुरू झाल्यावर वर्षभरात त्या गोळ्या सुटल्या आणि तिने बारावीची परीक्षा दिली. दुसऱ्या एका गृहस्थांना सहा महिने इंजेक्शने देऊनही फरक पडला नाही. त्यांचा दमा वेगळ्या जातीचा होता. शेवटी औषध बंद केले. तिसऱ्या एका भगिनींना इतके बरे वाटले की त्यांनी पंप फेकून दिला. दोन महिन्यांत त्यांना रात्री रिक्षात घालून इस्पितळात आणावे लागले. या तिघांत सारा धडा आला.

जैविक औषध दमा मुळापासून घालवीत नाही. आलेला झटका थांबविण्याचे ते औषध नव्हे. त्यासाठी तात्काळ आराम देणारा पंपच हवा. नियमित पंपही डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय सोडावयाचा नाही. औषधाचा उपयोग होतो की नाही, हे साधारण चार ते सहा महिन्यांनी पाहून मगच पुढे जावे.

या औषधांत दोष अजिबात नाहीत असे नाही. टोचल्या जागी लाली व सूज येते. डुपिलुमॅबने काहींचे डोळे लाल होऊन चुरचुरतात. ओमालिझुमॅबने क्वचित सर्व अंगावर तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून त्याची पहिली इंजेक्शने दवाखान्यातच घ्यावीत आणि सांगतील तितका वेळ तेथे थांबावे. हीच पहारेकरी यंत्रणा जंतांशीही लढते. तेव्हा पोटात जंत असतील तर आधी त्यांचा उपचार करून घ्यावा. गरोदरपण असेल किंवा मुलास लस द्यावयाची असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

आणि खर्च? पालकहो, तो लपवून काय उपयोग? एकेका इंजेक्शनला हजारो रुपये लागतात व वर्षाचा हिशेब लाखांत जातो. ओमालिझुमॅबच्या तोडीचे दुसऱ्या कंपनीचे औषध युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये मान्य झाले. अशी औषधे वाढली की किंमत उतरेल, अशी आशा आहे. तोवर मोठ्या सरकारी व महापालिका इस्पितळांत समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, हेही ध्यानात ठेवावे.

परंतु दागिने गहाण ठेवण्यापूर्वी एक गोष्ट करा. बहुतेक रुग्णांना या इंजेक्शनांची गरजच नसते. आमच्याकडे ‘दमा हटत नाही’ म्हणून येणारे पुष्कळजण पंप चुकीचा ओढतात, किंवा बरे वाटताच सोडतात. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, हा समज टाकून द्या. पंपातील स्टेरॉईडची मात्रा २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, तर झटक्यात दिलेली ४० मिलिग्रॅमची गोळी तिच्या दोनशे पट असते. पुडीवाल्याकडे धावणारा माणूस स्टेरॉईडला भिऊन स्टेरॉईडच गिळत असतो! ज्यांना अशा गोळ्या चालू असतील, त्यांनी त्या स्वतःहून एकदम बंद करू नयेत. माझे काय झाले ते आपण ऐकलेच.

रमजानमध्येही नियमित पंप सोडू नये. दिवसातून दोनदा घ्यावयाचा पंप सहेरी आणि इफ्तारच्या वेळी घेता येतो. धाप लागली तर मात्र वाट पाहू नये. रोजाविषयीचा निर्णय आपल्या आलिमांना विचारावा. घरातला लोबान, चुलीचा धूर आणि विडी-सिगारेट यांपासून दमेकरी मुलास दूर ठेवावे. इसब असलेल्या मुलास कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ घालून अंग ओलसर असतानाच मलम चोपडावे, आणि दुकानदाराने दिलेले खाजेचे मलम चिठ्ठीवाचून लावू नये.

शेवटी एक विनंती. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू झाली की कित्येक घरांत तिचा पंप कपाटात लपविला जातो. सासरी गेल्यावरही ती तो चोरून ओढते, किंवा ओढतच नाही. अशा मुली मी रात्री-अपरात्री इस्पितळात पाहिल्या आहेत. दमा हा ऐब नव्हे. चष्म्यासारखी ती एक सोय लागणारी बाब आहे. मुलीच्या अब्रूपेक्षा तिचा श्वास मोठा आहे, आणि खरे सांगितल्याने अब्रू जात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात कोणी पंप ओढताना दिसला तर हसू नका. त्याच्या शेजारी बसा. तुमच्यापैकी कोणीतरी उद्या हीच औषधे स्वस्त करणारा संशोधक व्हावा, ही दुआ करतो आणि आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.