दवाखान्यात नेलं म्हणून माणूस गेला?

(लोणी देवकर येथे ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बैठकीला येऊ न शकलेल्या सख्यांसाठी देत आहोत.)



आज हप्ते आणि बँकेचं कर्ज थोडं बाजूला ठेवू. मला एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. गावोगावी बैठकीला गेले की हे वाक्य अजून कानावर येतं. "घरी होता तोवर बरा होता, दवाखान्यात नेलं अन् माणूस गेला." करोना मागं पडला, पण हे वाक्य आपल्या घरात राहिलं. म्हणून आजही कुणाच्या छातीत कळ आली, दम लागला, तर पहिला शब्द निघतो, "सकाळपर्यंत बघू." या "बघू"ची मला भीती वाटते.

आधी एक सांगते. इथं बसलेल्यांपैकी काहींनी त्या दोन वर्षांत घरातलं माणूस गमावलं आहे. मी वयानं तुमच्या लेकीएवढी. चूक कुणाची होती हे ठरवायला मी उभी नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात बेड मिळत नव्हता, ऑक्सिजन मिळत नव्हता, माणसं गाडीत रुग्ण घालून एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत होती. त्यात कुणाच्या घरच्यांचा दोष नव्हता. पण जे घडलं ते का घडलं, हे समजून घेतलं तर पुढच्या आजारात आपलं माणूस वाचेल. त्यासाठीच हे बोलणं.

९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. त्यानंतर महाराष्ट्रात सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे १ लाख ४८ हजार माणसं करोनानं गेली. त्यातली बरीच दवाखान्यात गेली, हे खरं आहे. मग दवाखान्यानंच मारलं का?

आपल्याच कामातलं उदाहरण घ्या. वसुली समितीकडं कुठली कर्जं येतात? थकलेली. वेळेवर फिटणारं कर्ज समितीकडं येतच नाही. आता कुणी म्हणालं, "समितीकडं गेलेलीच कर्जं बुडतात, म्हणजे समितीच कर्जं बुडवते," तर आपण हसू. दवाखान्याचं तसंच आहे. ज्यांचा करोना साधा होता ते घरीच बरे झाले. दाखल झाले ते आधीच जास्त आजारी असलेले. तिथं मृत्यू जास्त दिसणारच.

आणि दाखल झालेले सगळे गेले का? आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या सुमारे १९ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पहिल्या लाटेत दाखल झालेल्या दर १०० पैकी साधारण १० जण गेले, दुसऱ्या लाटेत साधारण १३. म्हणजे दर १०० मधले ८७ ते ९० जण वाचले. जे गेले त्यांची गोष्ट गावभर झाली. जे चालत घरी आले त्यांची गोष्ट कुणी सांगितली नाही.

आता खरा प्रश्न. दोन माणसं एकाच दिवशी, एकाच वॉर्डात दाखल झाली. एक घरी आला, एक गेला. असं का? याचा अभ्यास जगभर झाला आहे आणि उत्तरं बरीचशी सारखी आहेत.

पहिलं कारण वय. इंग्लंडमध्ये १ कोटी ७० लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ५० ते ५९ वयाच्या माणसांच्या तुलनेत ८० च्या पुढच्यांना मृत्यूचा धोका किमान वीसपट दिसला. बायकांपेक्षा पुरुषांना धोका जास्त होता. आपल्याकडंही कितीतरी घरांत कर्ता माणूस गेला आणि बाई मागं राहिली. या बायकांसाठी सरकारला २०२१ मध्ये मिशन वात्सल्य सुरू करावं लागलं. वय आणि बाई-पुरुष असणं, हे दोन्ही आपल्या हातात नाही.

दुसरं कारण, अंगात आधीपासून असलेला आजार. साखर, बीपी, हृदयाचा आजार, किडनीचा आजार, फुफ्फुसाचा जुना आजार, फार वाढलेलं वजन. साखर वाढलेली असली की शरीराची रोगाशी लढणारी ताकद मंदावते आणि रक्तवाहिन्या खराब होतात. करोनानं फुफ्फुसाला सूज येत होती, रक्ताच्या गुठळ्या होत होत्या. आधीच खराब झालेल्या शरीराला तो मार झेपत नव्हता. आणि कित्येकांना आपल्याला साखर आहे हे दाखल झाल्यावरच कळलं. "त्याला तर काहीच नव्हतं," असं आपण म्हणतो. बऱ्याचदा काहीतरी होतं, फक्त कधी तपासलेलं नव्हतं.

तिसरं कारण, दाखल होताना अंगातला ऑक्सिजन किती होता. करोनात एक फसवी गोष्ट होती. ऑक्सिजन खाली घसरलेला असायचा, तरी माणूस बसून चहा पीत, बोलत असायचा. घरच्यांना वाटायचं, बरा आहे. म्हणून आशाताई घरोघरी येऊन बोटाला यंत्र लावत होत्या. "माझे कुटुंब माझी जबाबदारी" मोहीम आठवते ना? सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली. ताप, ऑक्सिजन आणि घरात कुणाला जुना आजार आहे का, हेच त्यात विचारत होते. कारण धोका तिथंच होता. सहा मिनिटं चालून पुन्हा ऑक्सिजन बघायला सांगत होते, तेही याचसाठी. आकडा ९४ च्या खाली गेला की घरात थांबायचं नव्हतं.

"घरी होता तोवर बरा होता" या वाक्याचं उत्तर इथं आहे. घरी असताना तो बरा दिसत होता, पण आतून ऑक्सिजन उतरत होता. शेवटी दम दिसायला लागला तेव्हा नेलं. तोवर फुफ्फुसं थकली होती.

वेळेत गेलं तर दवाखान्यात इलाज होता का? होता. डेक्सामेथासोन नावाचं जुनं, स्वस्त औषध आहे. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांतले मृत्यू या औषधानं साधारण पाचव्या हिश्शानं कमी झाले आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले एक तृतीयांशानं. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काही फायदा झाला नाही. काही जणांनी हेच किंवा अशीच औषधं मेडिकलमधून आणून घरी घेतली. त्यानं साखर भडकते. साखर वाढलेली आणि त्यात असं औषध, यातूनच काळ्या बुरशीचा आजार बऱ्याच जणांना झाला. औषध तेच. डॉक्टरच्या हातात जीव वाचवणारं, आपल्या मनानं घेतलं तर घात करणारं.

चौथी गोष्ट लसीची. आयसीएमआरनं ३१ दवाखान्यांतून घरी गेलेल्या १४ हजारांवर रुग्णांची पुढं वर्षभर चौकशी केली. त्यातले दर १०० मागं सहा-सात जण वर्षाच्या आत गेले. जास्त वय, जुने आजार, आणि करोना जोरात झालेला, अशांना धोका जास्त होता. आजाराआधी लस घेतलेल्यांना मात्र या मृत्यूपासून साधारण ६० टक्के संरक्षण मिळालं होतं. यातून आणखी एक कळतं. दवाखान्यातून घरी आणलं म्हणजे काम संपलं नाही. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला परत दाखवायला जायचं.

आता आपल्या गटात काय करायचं? चार कामं सांगते.

एक, तपासणी. तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकीची बीपी आणि साखर आपल्या उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत तपासतात. १४० हा आकडा लक्षात ठेवा. बीपीचा वरचा आकडा १४० किंवा जास्त, खालचा ९० किंवा जास्त, किंवा कधीही तपासलेली साखर १४० च्या वर आली, तर डॉक्टरांना दाखवून पुन्हा तपासायचं. एकदा आकडा वाढला म्हणजे आजार पक्का, असं नाही. पण सोडूनही द्यायचं नाही. आपल्या बायका सासऱ्यांची गोळी चुकू देत नाहीत, स्वतःची तपासणी मात्र "पुढच्या महिन्यात" करतात. घरातल्या पुरुषांनाही घेऊन जा. एमआयडीसीत ड्युटी आहे, उसाला पाणी द्यायचंय, ही कारणं कायमचीच आहेत.

दोन, नोंद. बचतीच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढं "तपासणी झाली" एवढीच खूण करा. आकडा लिहू नका, तो जिचा तिच्यापाशी. गोळी चालू असलेल्यांनी "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद करायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळंच.

तीन, यंत्र. ग्रामसंघानं ठराव करून बोटाला लावायचं एक ऑक्सिमीटर घ्यावं. नेलपेंट असेल किंवा हात गार असेल तर आकडा चुकतो, हे ध्यानात ठेवा. आणि आकडा चांगला आला तरी बोलताना दम लागतोय, ओठ निळसर पडलेत, छातीवर दाब आहे, माणूस भलतंच बोलतोय, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करायचा. रात्र असली तरी.

चार, पैसा. उशीर बऱ्याचदा पैशामुळं होतो. प्रत्येक गटानं आजारपणासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी, आणि ती द्यायला मासिक बैठकीची वाट बघावी लागू नये. अध्यक्ष, सचिव दोघींनी त्याच दिवशी द्यावी, असा ठराव करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या दवाखान्यांत, ठरलेल्या आजारांवर मोफत उपचार होतात. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुन्या तपासणीचे कागद एका पिशवीत, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या खुंटीला टांगून ठेवा.

इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय असो, नाहीतर बारामतीचं सरकारी मेडिकल कॉलेज, वाट हायवेचीच आहे आणि आपण हायवेवरच राहतो. अंतर फार नाही. उशीर होतो तो घरातून निघायला.

पुढच्या बैठकीला मी वही बघणार आहे. हप्त्याची नाही, खुणांची. ज्या गटाच्या सगळ्या खुणा पूर्ण असतील, त्या गटानं पुढं येऊन कसं केलं ते बाकीच्यांना सांगायचं.