खो
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझं नाव पुकारताना निवेदकांनी ‘आता संगणक क्षेत्रावर दोन शब्द’ असं जाहीर केलं. दोन नाही, मी एकाच शब्दावर बोलणार आहे, आणि तो संगणकातला नाही. तो आपल्या मागच्या मैदानातला आहे: खो.

मराठीत या शब्दाची मोठी गंमत आहे. आपण माणसाला खो देतो, पण कामात खो घालतो. ‘मला खो मिळाला’ म्हणजे माझी पाळी आली. ‘शिक्षणाला खो बसला’ म्हणजे शिक्षण थांबलं. एकाच अक्षराचा शब्द, एकदा उठवतो आणि एकदा बसवतो. असं का, याचं उत्तर मला शब्दकोशापेक्षा खेळाच्या नियमांत जास्त सापडतं.

नियम आठवून बघा. आठ जणी चौकोनांत बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पाठलाग करते. ती एकदा एका खांबाकडे निघाली की त्या खांबापर्यंत उलट फिरू शकत नाही. मधली पट्टीही तिला ओलांडता येत नाही. जिला पकडायचं, ती मात्र मोकळी. बसलेल्यांच्या मधून साखळी घेत खुशाल इकडून तिकडे जाते. म्हणजे पाठलाग करणारी कितीही वेगवान असली तरी एकटी काहीही करू शकत नाही. समोरची पट्टीपलीकडे गेली की हिचा खेळ संपला, आता पलीकडे तोंड करून बसलेलीलाच उठवायला हवं. तेवढ्यासाठी हा शब्द. उठलेली धावते आणि खो देणारी तिच्या जागी बसते. ही बसण्याची गोष्ट मला फार आवडते. खो देऊन वर आपणही धावत राहायचं, अशी सोय या खेळात नाही.

आता दोन अर्थांकडे या. बसलेलीच्या बाजूनं खो ही संधी. पळणारीच्या बाजूनं पाहिलं तर प्रत्येक खो म्हणजे मोकळी झालेली वाट पुन्हा बंद. मला वाटतं, ‘खो घालणे’ हे त्या पळणारीच्या बाजूनं आलं असावं. हा माझा तर्क आहे, भाषेच्या जाणकारांनी खुशाल खोडावा. मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून आधीच सांगून ठेवते.

खो द्यायचा कसा, यालाही शिस्त आहे. मागून द्यायचा. हाताचा स्पर्श आणि तोंडानं ‘खो’ दोन्ही एकदम. नुसता हात लावला तर चालत नाही, नुसतं ओरडलं तरी चालत नाही. मिळण्याआधी उठलं तर फाऊल. बसलेलीला ओलांडून पुढे गेल्यावर मागे हात करून दिला तरी फाऊल. आपल्या पीटीच्या सरांनी ‘आवाज कुठंय?’ म्हणून कितीदा शिट्टी मारली असेल! कामाच्या ठिकाणी रात्री आमची पुण्यातली टीम अमेरिकेतल्या टीमकडे काम सोपवते, तेव्हा निम्मे घोळ याच जागी होतात. कुणी निरोप टाकतो पण समोरच्यानं उचलला की नाही ते बघत नाही. कुणी बोलतो खूप आणि सोपवत काहीच नाही. आमच्या धंद्यानं परदेशी मैदानांवरून ‘स्क्रम’ आणि ‘स्प्रिंट’ हे शब्द उचलले. दोन-दोन आठवड्यांची स्प्रिंट कुठला धावपटू मानेल, देव जाणे. शब्द उचलायचाच होता, तर खो जास्त कामाचा होता.

या खेळाचे लिखित नियम आपल्याच भागात, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झाले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं तिथं दाखवली. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग आली आणि तिच्याबरोबर ‘वझीर’ आला, ज्याला कोणत्याही दिशेनं धावायची मुभा आहे. माझ्या जुन्या मनाला तो अजून पटत नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारतानं नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. समालोचक अटॅकर, डिफेंडर, स्काय डाइव्ह म्हणत होते, पण ब्राझीलचा खेळाडू असो की दक्षिण कोरियाची मुलगी, ओरडत होते ‘खो’च. त्याचं भाषांतर कुणी केलं नाही.

त्या अंतिम सामन्याच्या रात्री मला आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिला विचारूनच सांगते आहे. आपल्यातली सगळ्यात चपळ धावणारी तीच होती. खांबाजवळ अशी हूल द्यायची की पाठलाग करणारी खांबाला धडकायची. दहावीनंतर महिन्याभरात तिचं लग्न ठरलं. फोनवर ती म्हणाली, “माझ्या खेळाला खो बसला गं, पण पोरगीला मी खो दिलाय.” तिची मुलगी आपल्याच शाळेत आठवीत आहे आणि संघात आहे. शब्दाच्या दोन अर्थांवर मी इतका वेळ बोलले, तिनं ते एका वाक्यात सांगितलं होतं.

आता मुद्द्याचं. जेवणानंतर आपल्या बॅचच्या देणगीचा निर्णय आहे. मागच्या मैदानात पेव्हर ब्लॉक बसवावेत असा प्रस्ताव आहे. कारण खोटं नाही: पावसात चिखल, उन्हात धूळ, पालकांच्या गाड्या लावायला जागा नाही. पण ब्लॉकवर खो-खो होत नाही. खांबापाशी सूर मारणाऱ्या मुलीचे गुडघे आणि कोपरं पहिल्याच दिवशी सोलून निघतील, आणि दुसऱ्या दिवशी तिला घरून पाठवणार नाहीत. मुलींचा खेळ बंद व्हायला कुणी ‘बंद करा’ म्हणावं लागत नाही, एवढं पुरतं.

खो-खोच्या मैदानाला २७ मीटर बाय १६ मीटर जागा लागते, भोवती थोडी मोकळी. काल मी आणि दोघांनी टेप धरून मोजलं. फाटकापासून पायऱ्यांपर्यंतच ब्लॉक घातले तर गाड्यांची सोय होते आणि चिंचेकडची बाजू पूर्ण मोकळी राहते. तिथं चांगली माती टाकायची, रोलर फिरवायचा, पाण्याला उतार काढायचा, दोन नवे लाकडी खांब पुरायचे. फक्कीचा खर्च तर चहापेक्षा कमी. नकाशा कागदावर काढून आणला आहे, तो जेवणाच्या मंडपात पाण्याच्या टाकीशेजारी लावते. ज्यांना शंका असेल त्यांनी आधी तो बघावा आणि मग हात वर करावा.