घशाखाली गेलेला किडा



‘प्रथमग्रासे मक्षिकापात’ म्हटले की आपला चेहरा उतरतो. आमटीबरोबर माशी गेली, तर नौपाड्यातल्या कोणत्याही घरात आधी आरडाओरड, मग डॉक्टरांकडे धाव! पण गुळाची मुंगी, पिठातला किडा, माशीसुद्धा चुकून गिळली, तर बहुधा काही बिघडत नाही. जठरातले आम्ल त्यांचा निकाल लावते. गांधीलमाशी घशात डसून श्वास कोंडू लागला, तर मात्र तत्काळ इस्पितळ गाठावे.

खरा घात केला तो टिंबाएवढ्या जीवाने. पूर्वी महाराष्ट्रातील कितीतरी खेड्यांत नारूचा रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरे. पायाच्या फोडातून नारूची पिल्ले पाण्यात पडत. खेकडा-कोळंबीच्या गोतातला सायक्लॉप ती गिळी, आणि तेच पाणी माणूस पिई. आम्ल सायक्लॉपला मारी. पण त्यामुळेच पिल्ले मोकळी होत! वर्षभराने दोन-तीन फुटांचा जंत पायातून डोके काढी. तो काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळत बसावे लागे.

त्यावर लस नव्हती, औषध नव्हते. विहिरींच्या पायऱ्या बंद झाल्या, पाणी दुपदरी फडक्यातून गाळले जाऊ लागले आणि रोग हटला. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात आढळला. २००० साली देश नारूमुक्त ठरला.

तेव्हा मंडळी, पोटात गेलेल्या माशीचे भय धरू नका. ती कोठल्या घाणीवरून उठून आली, ते पाहा. ताटावर झाकण आणि पाण्याला गाळणे, एवढे जपा.