झाडावरची नोटीस

श्रोतेहो, महाराष्ट्रातील शहरांत झाड स्वतःच्या अंगणातले असले, तरी ते तोडण्यासाठी परवानगी लागते. कारण 1975 च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने हा अधिकार वृक्ष प्राधिकरणाकडे, म्हणजे झाडांसाठी नेमलेल्या वैधानिक समितीकडे, सोपवला आहे.

परवानगीपूर्वी झाडावर नोटीस लावावी लागते,
आणि तिच्यावर नागरिकांना मुदतीत लेखी हरकत घेता येते.

2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. मात्र रोपट्यांना तशी सावली धरायला पुन्हा तितकीच वर्षे लागतात.

म्हणूनच श्रोतेहो, नोटीस वेळीच वाचली जावी,
आणि हरकत मुदतीतच, लेखी, नोंदवली जावी.

वेळ किती मोलाची असते, हे मुंबईच्या आरे वसाहतीत दिसले. तिथे ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडण्याविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली.

विरोध करणाऱ्या नागरिकांना अटक झाली.

पुढे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबरला वृक्षतोड थांबवली, पण तोवर दोन हजारांहून अधिक झाडे जमिनीवर आडवी झाली होती.