परदेशातलं बिऱ्हाड आणि जामीनदार

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यकारिणीने मला विषय दिला होता 'जपानमधले आमचे दिवस'. फुजी पर्वत, साकुराची फुलं आणि बुलेट ट्रेन यांच्यावर बोलावं अशी अपेक्षा असणार. पण आता ते सगळं सहल कंपन्या आठ दिवसांत दाखवून आणतात. जे सहलीत दिसत नाही त्यावर मी बोलणार आहे. ते म्हणजे बिऱ्हाड हलवणं.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही २०१० ते २०१९ अशी नऊ वर्षं योकोहामा आणि तोक्योत काढली. एवढ्या काळात तीन घरं झाली. पहिलं कंपनीने दिलं होतं, म्हणून किल्ली हातात पडली आणि आम्ही राहायला गेलो. दुसरं घर आमचं आम्हाला शोधायचं होतं. परक्या देशात आपली पत किती, हे मला तेव्हा समजलं.

आधी पैशांची गोष्ट सांगते, कारण बडोद्यात हिशेबाशिवाय श्रोते हलत नाहीत! समजा, महिन्याचं भाडं एक लाख येन आहे. घर घेताना 'शिकिकिन' म्हणजे अनामत द्यायची, एक किंवा दोन महिन्यांचं भाडं. त्यावर 'रेइकिन'. याचा शब्दशः अर्थ आभाराचे पैसे. तुम्ही आम्हाला घर दिलंत म्हणून मालकाला एका महिन्याचं भाडं भेट द्यायचं, ते परत मिळत नाही. मग दलाली, साधारण एका महिन्याचं भाडं आणि वर कर. आगीचा विमा, कुलूप बदलायचा खर्च, पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं. म्हणजे लाखाच्या घरात पाऊल टाकायला चार-पाच लाख येन हाताशी हवेत. दर दोन वर्षांनी करार नवा करताना बऱ्याच ठिकाणी आणखी एका महिन्याचं भाडं.

पण पैसे जमवता येतात. खरी अडचण होती 'होशोनिन'ची. होशोनिन म्हणजे जामीनदार. भाडेकरूने भाडं थकवलं, घराची नासधूस केली, तर ते भरून देणारा माणूस. तो शक्यतो जपानी हवा, त्याचं उत्पन्न चांगलं हवं आणि त्याने कागदावर स्वतःचा शिक्का उमटवायला हवा. जपानी मुलगा घर घेतो तेव्हा वडील किंवा काका जामीन राहतात. आमचे वडील आणि काका दांडिया बाजारात! त्यांच्या सहीला तिथे काय किंमत?

दलालाच्या दुकानात आम्ही बसलो होतो. माणूस अतिशय सभ्य. आमच्यासमोरच त्याने एका मालकाला फोन लावला आणि म्हणाला, "गाइकोकुजिन नो काता देसु गा..." अर्थ असा, "परदेशी माणसं आहेत, पण..." वाक्य त्या 'पण'वरच थांबलं. जपानीत असं वाक्य अर्धं सोडणं हीच नम्रता. पुढचं पलीकडच्याने समजून घ्यायचं. फोन ठेवून तो वाकला आणि म्हणाला, फार दिलगीर आहे. त्या दिवशी असे पाच फोन झाले. आवाज कुणी चढवला नाही, अपमान कुणी केला नाही, आणि घर मात्र मिळालं नाही.

हा अनुभव आमचा एकट्याचा नव्हता. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ साली परदेशी रहिवाशांची एक पाहणी प्रसिद्ध केली. मागच्या पाच वर्षांत ज्यांनी घर शोधलं होतं, त्यांच्यातल्या सुमारे चाळीस टक्के लोकांनी सांगितलं की परदेशी म्हणून आपल्याला नकार मिळाला. दर पाचांत दोघं.

मालकांची बाजूही ऐकून घ्यावी. त्यांना भीती असते की भाषा समजणार नाही, कचरा चुकीच्या दिवशी ठेवतील, रात्री गोंगाट करतील, स्वयंपाकाचा वास भिंतीत मुरेल आणि एक दिवस न सांगता मायदेशी निघून जातील. यातली एकही भीती जगावेगळी नाही. आपण आपल्या वाड्यातली खोली भाड्याने देताना याच गोष्टी मनात आणतो. त्याकडे मी शेवटी येणार आहे.

आम्हाला घर मिळालं ते यजमानांच्या एका वरिष्ठ सहकाऱ्यामुळे. ते गृहस्थ जामीन राहिले. ही साधी गोष्ट नव्हती. त्या काळी जामीनदाराच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा लिहून घेण्याचं बंधन नव्हतं, ते २०२० च्या कायद्यातल्या बदलाने आलं. म्हणजे उद्या आमच्या हातून आग लागली असती, तर त्यांचा बंगला पणाला. त्यांच्या पत्नीने आम्हाला आधी जेवायला बोलावलं. बहुतेक पाहून घेतलं असावं! आणि मग त्यांनी शिक्का उमटवला.

आता प्रत्यक्ष हलण्याकडे वळते. जपानमध्ये शाळा आणि नोकऱ्या दोन्ही एप्रिलपासून सुरू होतात, त्यामुळे मार्चमध्ये अर्धा देश बिऱ्हाड हलवत असतो. सामान वाहणारी माणसं आधी लिफ्टच्या आणि जिन्याच्या भिंतींना पुठ्ठे, गाद्या लावतात आणि मग सामानाला हात लावतात. आमच्या देव्हाऱ्यापाशी आल्यावर त्यांच्यातला मोठा माणूस थांबला. हात न लावता त्याने मला खूण केली, "हे तुम्हीच न्या." देव काय आहे हे त्याला सांगावं लागलं नाही.

नव्या घरात गेलो तर अंधार. पुष्कळ घरांत छताला दिवे नसतात, पडदे नसतात, गॅसची शेगडीही नसते. मागचा भाडेकरू सगळं घेऊन गेलेला असतो. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो आणि तेव्हा आपण घरी असावंच लागतं. त्यामुळे पहिल्या रात्री विजेरीच्या उजेडात फरसाण आणि केळी असा नैवेद्य झाला.

जुन्या वस्तूंची विल्हेवाट हा वेगळाच अध्याय. आपल्याकडे भंगारवाला चार पैसे देऊन नेतो, तिथे आपणच पैसे मोजायचे. कपाट, सोफा टाकायचा तर पालिकेला फोन करून दिवस ठरवायचा, दुकानातून ठरलेल्या किमतीचा कागद आणून वस्तूवर चिकटवायचा आणि ठरलेल्या सकाळी खाली ठेवायची. फ्रिज, धुलाई यंत्र, टीव्ही आणि एसी यांना २००१ पासून वेगळा कायदा आहे, त्यांच्या पुनर्वापराचा खर्च वापरणाऱ्यानेच भरायचा.

मग सरकारी नोंद. जुन्या गावच्या कचेरीत जाऊन 'आम्ही चाललो' असं सांगायचं, तिथून दाखला घ्यायचा आणि नव्या घरात गेल्यापासून चौदा दिवसांत नव्या कचेरीत 'आम्ही आलो' म्हणून द्यायचा. जपानी माणसालाही हे चुकत नाही. परदेशी माणसाच्या बाबतीत एवढंच जास्त की त्याचं रहिवासाचं कार्ड सतत जवळ हवं, त्याच्या मागच्या बाजूला नवा पत्ता लिहून घ्यायचा, आणि कारण नसताना नव्वद दिवस हे केलं नाही तर राहण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो.

या नोंदीची एक गोष्ट फार बोलकी आहे. जुलै २०१२ पर्यंत परदेशी माणसांची नोंद वेगळ्या वहीत असे. जपानी कुटुंबाचा जो 'जुमिनह्यो' म्हणजे रहिवासाचा दाखला असतो, त्यात परदेशी माणसाला इतरांसारखी जागा नव्हती. जपानी नवरा आणि परदेशी बायको असेल तर दाखल्यावर बाप दिसायचा, मुलं दिसायची, आई दिसायची नाही. अशात २००२ साली एक सील खाडीतून वाट चुकून नदीत आला. लोकांनी त्याचं लाडाने 'तामाचान' असं नाव ठेवलं आणि २००३ साली योकोहामाच्या एका प्रभाग कचेरीने कौतुकाने त्याला रहिवासाचा दाखला दिला! तेव्हा तिथे वर्षानुवर्षं कर भरणारे परदेशी लोक गालांवर सीलसारख्या मिशा रंगवून रस्त्यावर उतरले, "आम्हालाही द्या." ९ जुलै २०१२ पासून ती वेगळी वही बंद झाली. आमचं कुटुंब तेव्हा योकोहामातच होतं. पहिल्यांदा हातात आलेला तो दाखला, चौघांची नावं एका कागदावर, मी अजून जपून ठेवला आहे.

कागद झाले की शेजार. जपानी रीत अशी की समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची दोन, यांना जाऊन भेटायचं. इमारतीत असाल तर वरच्यांना आणि खालच्यांनाही. हातात लहानशी भेट, टॉवेल नाहीतर मिठाई. पूर्वी शेवयांसारखा 'सोबा' वाटत. सोबा म्हणजे तो खाद्यपदार्थ आणि सोबा म्हणजे जवळ. 'तुमच्या जवळ राहायला आलो' हा त्यातला श्लेष. आम्ही घरी केलेले बेसनाचे लाडू नेले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दुसऱ्या दिवशी कचऱ्याचं वेळापत्रक स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. तेव्हापासून मी कचऱ्याला घाबरले नाही!

घर सोडताना मालक पाहणी करून जातो. सरकारी मार्गदर्शन स्पष्ट आहे की वापराने आणि काळाने जी झीज होते तिचा खर्च मालकाचा. टाचणीची भोकं, उन्हाने विटलेली चटई, हे त्याचं. भिंतीच्या कागदाचं आयुष्य सहा वर्षं धरतात, त्यानंतर त्याची किंमत एक येन. मात्र तेलाचे थर आणि मुरलेला वास हा भाडेकरूचा दोष. म्हणून शेवटचा आठवडा मी फोडणी बंद ठेवून ओट्यामागची भिंत घासत होते.

तिसरं घर आम्ही तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईत घेतलं. तिथे आज इतकी भारतीय वस्ती का, याचं उत्तरही बिऱ्हाडातच आहे. २००० सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आपले तरुण आले. त्यांना जामीनदार कुठून मिळणार? पण तिथे 'यूआर' या सार्वजनिक संस्थेच्या मोठ्या वसाहती होत्या. त्यांचा नियम असा की उत्पन्न दाखवा, अनामत भरा आणि राहा. जामीनदार नको, आभाराचे पैसे नकोत, दलाली नको आणि राष्ट्रीयत्वाची आडकाठी नाही. एक नियम बदलला आणि एक वस्ती उभी राहिली. तिथे आधीपासून राहणारे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी नवख्या मुलांना घरं मिळवायला मदत केली आणि त्यांच्या जेवणाची सोयही पाहिली. आणि २०१९ साली याच एदोगावाच्या प्रभाग सभेवर आपले मराठी योगेंद्र पुराणिक निवडून आले. ज्याला कालपर्यंत घर मिळत नव्हतं, तो शेजाऱ्यांच्या वतीने बोलायला उभा राहिला.

योकोहामाच्या यामाशिता उद्यानात घुमटाचं एक पाण्याचं कारंजं आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात शहर कोसळलं आणि तिथले भारतीय व्यापारी कोबेला गेले. ते परत यावेत म्हणून योकोहामाने त्यांच्यासाठी घरं बांधली. ते परतले आणि १९३९ साली त्यांनी शहराला हे कारंजं दिलं. मी मुलांना घेऊन तिथे पुष्कळदा गेले. आभार असे दोन्ही बाजूंनी वाहिले म्हणजे रेइकिन भरावं लागत नाही.

मित्रहो, आता बडोद्याकडे येते. आपण इथले कधी झालो? कुणाचे पूर्वज अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आले, कुणाचे सयाजीराव महाराजांच्या राज्यात नोकरीसाठी, कोकणातून, पुण्याहून. त्यांच्यापैकी पुष्कळजण पहिल्या रात्री कुणाच्या तरी ओसरीवर झोपले असतील. कुणीतरी म्हणालं असेल, "माणूस ओळखीचा आहे, द्या खोली." तो शब्द देणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत नाही. पण त्याच्या शब्दावर आपले वाडे उभे आहेत.

आज खोल्या आपल्याकडे आहेत. १९४९ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठात ईशान्येकडची, केरळची, बिहारची, आफ्रिकेतली मुलं शिकायला येतात आणि दारोदार फिरतात. आपण काय विचारतो? आडनाव काय? खाता काय? आणि मग म्हणतो, "खोली छान आहे, पण..." तो 'पण' मी परक्या भाषेत पाच वेळा ऐकला आहे. मराठीत आणि गुजरातीतही तो तितकाच लागतो.

माझी मंडळाला एक विनंती आहे. देणगीदारांची यादी आपण दरवर्षी छापतो, तशी एक वही ठेवावी, शब्द देणाऱ्यांची. बाहेरून आलेल्या मुलाला भेटून, त्याची कागदपत्रं पाहून, घरमालकाला 'मी याला ओळखतो' असं सांगायला तयार असलेल्या दहा घरांची. पोलिस ठाण्यातली भाडेकरूची नोंद कशी करायची, कचरा कधी द्यायचा, पाणी किती वाजता येतं, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावं. खर्च जवळजवळ काहीच नाही.

त्या वहीत पहिलं नाव माझं आणि यजमानांचं लिहून घ्या. आरतीची वेळ झाली आहे, म्हणून इथेच थांबते.

गणपती बाप्पा मोरया!